पटका उभाच आहे

गुरुसिद्धप्पा मास्तरांचा पटका काही केल्या बांधून होईना, कारण मास्तर एका जागी बसतच नव्हते. मामा चनबसप्पा पटक्याचा एक पेच घालायचे, तेवढ्यात मास्तर उठून दारात जायचे आणि गिरणीचा भोंगा झाला का ते ऐकून परत यायचे. तोवर घातलेला पेच सुटलेला असायचा. दिवस रविवारचा होता. रविवारी भोंगा होत नाही हे सोलापुरात शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक, पण मास्तरांचं चित्तच थाऱ्यावर नव्हतं, त्याला कोण काय करणार?

"अरे, बस की गप," मामा म्हणाले. "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. हा पटका आता तुझ्या गुडघ्यालाच बांधू का?"

"मामा, मंद्रूपची मोटार सुटंल."

"मोटारवाला आपल्या पेठेतला हाय. मी बसल्याबिगर त्याची मोटार हलत न्हाय. बस."

मास्तर बसले, पण त्यांचा पाय हलतच राहिला. पाय थांबला की मान हलायची. शेवटी मामांनी कंटाळून पटका कसाबसा गुंडाळला, शेवटचं टोक खोचलं आणि "सिद्धेश्वराची कृपा" म्हणून हात झटकले. पटका मामांचा स्वतःचा, त्यांच्या लग्नातला. मामांचं डोकं मोठं, मास्तरांचं बेताचं. पुढं जे झालं त्याचं मूळ इथंच होतं, असं मामा मागाहून सगळ्यांना सांगत. स्वतःच्या बांधणीबद्दल मात्र ते अवाक्षर काढत नसत.

मास्तरांची चुळबूळ उगीच नव्हती. भीमेपलीकडच्या होळेसाल गावच्या मल्लप्पाअण्णांच्या रुद्राणीला बघायला आज जायचं होतं. बघायला म्हणजे रीतीपुरतं, कारण मास्तरांनी तिला आधीच बघितलं होतं. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात मास्तर दांडी घट्ट धरून, डोळे मिटून, शिवनाम घेत बसले होते. मध्येच एकदा डोळे उघडले, तर समोरच्या पाळण्यातली एक मुलगी त्यांच्याकडे बघून खुदकन हसली. पाळणा फिरला, ती खाली गेली आणि मास्तर वर राहिले. तेव्हापासून ते खऱ्या अर्थानं खाली आलेच नव्हते. मुलगी कोणाची, गाव कोणतं, हे सगळं मामांनी शोधून काढलं आणि बोलणं लावलं. पण मल्लप्पाअण्णा चिकट माणूस. त्यांनी निरोप पाठवला होता, "रविवारी दुपारच्या आत या. पोरगं मनाला आलं तर तितंच पटका बांधू. न्हायतर सोमवारी टेंभुर्णीचे पाव्हणे येणार हायत."

टेंभुर्णीचे पाव्हणे म्हणजे एका बड्या अडत्याचा मुलगा. त्याच्या नुसत्या नावानं मास्तरांना रात्र रात्र झोप लागत नव्हती.

आणि पटका बांधायचा म्हणजे काय, तेही सांगून ठेवलं पाहिजे. त्या भागात मुलीच्या बापानं चारचौघांत मुलाच्या डोक्याला आपल्या हातानं पटका बांधला की सोयरीक पक्की. मग सुपारी फुटो न फुटो, तो शब्द ब्रह्मदेवालाही फिरवता येत नाही. त्याचबरोबर दुसरीही एक रीत होती. परक्याच्या दारात बोडक्या डोक्यानं जायचं ते फक्त मौतीची खबर घेऊन. म्हणून डोक्यावर आपला पटका घालून जायचं आणि सासऱ्याच्या हातचा घालून यायचं, एवढंच आजचं काम होतं.

मास्तर सोलापुरात एका शाळेवर गणित शिकवत, आणि प्रवाहाच्या गणितात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. सोलापूरच्या मुलांना होडी आणि प्रवाह हे दोन्ही पुस्तकातच भेटायचे. एक साहेब होडी वल्हवत प्रवाहाच्या उलट जातो, त्याची हॅट पाण्यात पडते, थोड्या वेळानं त्याच्या ध्यानात येतं, तो मागं वळतो, तर हॅट किती वेळानं हाती लागेल, असं ते गणित. हॅट म्हटलं की पोरं हसायची, म्हणून मास्तरांनी तिथं पटका घातला. मग ते खडू वर धरून सांगत, "बघणारा कुठं उभा आहे ते आधी ठरवा. काठावर उभे राहून बघाल तर पटका पळतो. पाण्यात बसून बघाल तर पटका उभाच आहे. मग तुम्ही जेवढा वेळ लांब गेलात, तेवढ्याच वेळात परत याल. संपलं गणित." हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळायचा की पोरांना गणित नाही कळलं तरी बरं वाटायचं. पाठीमागं पोरं त्यांना 'उभापटका मास्तर' म्हणत. मास्तर स्वतः मात्र जन्मात कधी होडीत बसले नव्हते आणि त्यांना पोहताही येत नव्हतं.

मोटारीनं मंद्रूप आणि तिथून बैलगाडीनं भीमेचा काठ गाठेपर्यंत ऊन चढलं. श्रावण असून आभाळात ढगाचं नाव नव्हतं, रस्त्याकडेची बाजरी माना टाकून उभी होती. पण वर घाटाकडं पाऊस झालेला, त्यामुळं भीमा मात्र तांबडी होऊन, काठोकाठ भरून चालली होती. पलीकडच्या घाटावर पाच-पंचवीस माणसं जमलेली दिसत होती. मधोमध एक जाडजूड माणूस हार घेऊन उभा होता. ते मल्लप्पाअण्णा.

अलीकडं सिद्धाराम नावाडी आपली होडी घेऊन तयार होता. होडी कसली, उसाचा रस आटवायची रुंद लोखंडी काहील. गुऱ्हाळ बंद झालं की पावसाळ्यात तीच नदीवर माणसं वाहायची. मास्तरांनी तिच्याभोवती एक फेरी मारली.

"हिचं तोंड कुठल्या बाजूला?" त्यांनी विचारलं.

"गोल भांड्याला तोंड कसलं, गुरुजी?" सिद्धाराम म्हणाला. "आपण पुढं म्हणू ती बाजू पुढं."

"पण होडीचं तोंड प्रवाहाशी कोन करून धरायचं असतं."

"धरा की. मी कुटं न्हाय म्हनतो? सात पिढ्या काहील चालवतोय आमी. आमच्या हातनं पाण्यात कुणाची चिलीमसुदीक सांडली न्हाय."

तिघं काहिलीत बसले. सिद्धारामानं काहील आधी दोरीनं काठाकाठानं बरीच वर ओढून नेली होती. तिथून सोडली की वाहत वाहत, वल्हं मारत, ती तिरकी जाऊन बरोबर पलीकडच्या घाटाला लागायची. नदीत शिरताच काहील गरगर फिरायला लागली. मामांनी डोळे मिटून कडा धरली. मास्तर मात्र एकदम शांत झाले. जत्रेपासून चाललेली चुळबूळ कुठल्या कुठं गेली, कारण खिशातली कडब्याची एक काडी त्यांनी पाण्यात टाकली होती आणि ती काडी काहिलीशेजारी जागच्या जागी उभी होती.

"मामा, बघा, काडी उभी आहे."

"मी काय बी बघत न्हाय. गरगरतंय."

"अहो, एकदा डोळे उघडून बघा तर," म्हणत मास्तर काडी दाखवायला वाकले, आणि त्यांच्या डोक्यावरचा पटका अलगद निसटून पाण्यावर जाऊन बसला. डोक्यावर होता तसाच, ऐटीत, काहिलीपासून हात-दीड हातावर.

सिद्धारामानं लगेच वल्हं पुढं केलं. तेवढंच पुरलं असतं, आणि ही गोष्ट इथंच संपली असती. पण मास्तरांनी त्याचा हात धरला.

"थांब. घाई करू नकोस. तो कुठं जात नाही."

"जात न्हाय?" मामांचे डोळे आपोआप उघडले. "वाहत्या नदीत पडलाय तो, माझ्या लग्नातला पटका."

"काठावरनं बघणाऱ्याला तो जातोय. आपण पाण्यात आहोत, मामा. आपल्या हिशेबी तो उभाच आहे. सिद्धाराम, तू वल्हं थांबव बघू जरा. आता बघा नीट."

सिद्धारामानं वल्हं थांबवलं. तिघं पटक्याकडं बघायला लागले. आणि खरोखरच पटका उभा होता. ना पुढं ना मागं, ना जवळ ना लांब. इतकी वर्षं फळ्यावर जे खडूनं काढलं, ते मास्तर आज पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होते. सगळा वर्ग आत्ता या काहिलीत असता तर किती बरं झालं असतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

"आयला, उभाच हाय की," सिद्धाराम तोंड उघडं टाकून म्हणाला.

"शिवशिवा, काय म्हणायचं याला," मामाही कडा सोडून म्हणाले.

तिघंही पटक्याकडं बघत असल्यामुळं काठाकडं कोणाचंच लक्ष नव्हतं. काठ मात्र उभा नव्हता. पहिल्यांदा हाक आली ती मल्लप्पाअण्णांची, आणि तीही अगदी जवळून. मास्तरांनी मान वर केली, तर पलीकडचा घाट, त्यावरची माणसं, हार, वाजंत्री, सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत शेजारून सरकत वरच्या अंगाला निघालं होतं. मास्तरांना काही सुचेना. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि लिंगायत रिवाजाप्रमाणं नमस्काराचं "शरणार्थी" म्हणाले. घाटावरच्या मंडळींनीही सवयीनं हात जोडले. काहील पुढं गेली.

"मार वल्हं, मेल्या," मामा ओरडले.

सिद्धारामानं घाबरून वल्हं असं हाणलं की काहील जागच्या जागी भिंगरीसारखी फिरली. मास्तर म्हणाले, आता आधी पटका घे. मामा म्हणाले, आधी काठाला घे. सिद्धारामानं दोघांचंही ऐकलं. एका हातानं कडा धरून त्यानं वल्ह्यानं पटका ओढायला बघितला, पटक्यानं पाणी पिऊन वल्ह्याला मिठी मारली, सिद्धारामानं हिसडा दिला, आणि वल्हं त्याच्या हातातून सुटलं. पटका पुन्हा मोकळा होऊन वर आला. वल्हं त्याच्या पलीकडं तरंगायला लागलं.

मामांनी पुन्हा डोळे मिटून घेतले.

"गुरुजी," सिद्धारामानं हळूच विचारलं, "आता वल्हं बी आपल्या हिशेबानं उभंच हाय का?"

"उभंच आहे," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज मात्र पहिल्यासारखा राहिला नव्हता.

इकडं काठावर गोंधळ उडाला होता. आलेला नवरा मुलगा हात जोडून निघून जातो, ही तऱ्हा होळेसालात कोणी बघितलेली नव्हती. मल्लप्पाअण्णा हार हातात धरून काठाकाठानं पळायला लागले, त्यांच्या मागं पंच, आणि पंचांच्या मागं वाजंत्री. पळण्याचा आणि पाण्याचा वेग इतका जुळला की अण्णा काहिलीच्या बरोबर समोर आले आणि समोरच राहिले. मास्तरांच्या मनात हेही गणित आल्याशिवाय राहिलं नाही, पण ते त्यांनी गिळलं.

"गुरुजी, कुटं निघालाव?" अण्णा पळत पळत ओरडले.

"कुठं नाही, तुमच्याकडंच आलोय."

"मग थांबत का न्हाय?"

"वल्हं गेलं."

"आन् डोकं बोडकं का? कोण गेलं काय घरात?"

"कोणी नाही. पटका गेला."

अण्णांनी दम घेतला, पण पाय थांबवले नाहीत. माणूस व्यवहारी. पाव्हणा हाताशी नसला तरी नजरेसमोर आहे, तोवर विचारायचं ते विचारून घ्यावं, असं त्यांना वाटलं असावं.

"नोकरी कायम झाली का?"

"झाली. उन्हाळ्यातच झाली."

"मठ कुटला म्हणायचा तुमचा?"

मास्तरांऐवजी मामांनीच मठाचं, गोत्राचं आणि चार पिढ्यांचं सगळं खणखणीत सांगितलं.

"विडी ओढता?"

"नाही."

"चहा?"

"दोन वेळा."

चहाचं ऐकून अण्णांच्या कपाळाला आठी पडली. पण तेवढ्यात पायाखालचा खडा टोचला म्हणून पडली असेल, अशी मास्तरांनी मनाची समजूत घातली.

"पवायला येतं का?" अण्णांनी शेवटचं विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले, आणि तेवढ्यात काठावर एक ओढा आडवा आला. अण्णा, पंच, वाजंत्री सगळे तिथं अडले. काहील, पटका आणि वल्हं तिघं जोडीनं पुढं निघून गेले.

आता मास्तर खचले. अण्णांचं तोंड, त्यांची ती आठी, उद्याचे टेंभुर्णीकर, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढं यायला लागलं. दुपार टळत होती. ज्या एका मुलीसाठी ते जत्रेपासून तळमळले होते, तिच्या दारावरून ते भांड्यात बसून वाहत गेले होते. आणि हातभर अंतरावर तो पटका अजून उभाच. मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या गणिताचा राग आला.

"मामा, माझंच चुकलं," ते म्हणाले.

"ते मला घाटावरच कळलं होतं," मामा म्हणाले. "काखेत कळसा आन् गावाला वळसा."

मामा ते म्हण म्हणून बोलले, पण भीमा होळेसालला खरोखरच वळसा घालते. घाटापासून निघालेलं पाणी गावाला फेरा घालून गावाच्या पाठीमागं येतं आणि तिथल्या वळणाला धडकून मंद होतं. नदीत वाहत आलेला लाकूडफाटा, भोपळे, काय वाटेल ते त्या वळणाला येऊन लागतं. गावातून मधल्या पांदीनं गेलं तर ते वळण अगदी जवळ. काहील तिथं आली, सावकाश फिरली आणि बाभळींच्या मुळ्यांना जाऊन टेकली. काठावर दोन बायका उभ्या होत्या. एक म्हातारी कमरेवर हात ठेवून, आणि तिच्या शेजारी शेळ्यांना बाभळीच्या शेंगा पाडायची लांब आकडी घेतलेली रुद्राणी.

काहील टेकल्यावर पटकाही आपोआप जवळ आला; वल्हं तेवढं मधल्या धारेला लागून पुढं निघून गेलं. मास्तरांनी वाकून हात घातला. बोटं पटक्याला लागलीसुद्धा. तेवढ्यात काठावरून आकडी आली आणि पटका अलगद उचलून घेऊन गेली. पोरगी मदतीला धावली, असं मास्तरांना वाटलं. 

"पटका द्या की इकडं," ते चाचरत म्हणाले.

रुद्राणीनं ऐकलं न ऐकलंसं केलं. ती पाठ फिरवून पटका पिळायला लागली. पिळून झाला, झटकला, पुन्हा पिळला. मग त्याला गाळ लागलाय म्हणून पाण्यात बुचकळला आणि पहिल्यापासून पिळायला घेतला. मास्तर बोडक्या डोक्यानं चिखलात उभे राहिले. मामा काहिलीतच आडवे झाले होते. तोवर ओढ्याला वळसा घालून मल्लप्पाअण्णा, पंच आणि वाजंत्री धापा टाकत येऊन पोचले.

रुद्राणी म्हातारीच्या कानाशी काहीतरी बोलली आणि पिळलेला पटका तिनं तिच्या हातात दिला. म्हातारी म्हणजे अण्णांची आई, गुरम्मा. तिच्यापुढं अण्णांची जीभ उभ्या जन्मात कधी उचलली नव्हती.

"मल्लप्पा, पाव्हण्याचं डोकं बघ," गुरम्मा म्हणाली.

"व्हय अव्वा, बोडकं हाय."

"श्रावणात बोडका माणूस गावात नेणार व्हय? लोक म्हणतील, मल्लप्पाच्या घरात कोण गेलं. झाक त्याचं डोकं."

"त्यांचं त्यांनी बांधू दे की, अव्वा."

"त्याचे हात बघ कसे कापाय लागलेत. बांध तू. का मी बांधू?"

अण्णांनी हार पंचांच्या हातात दिला आणि ओला पटका मास्तरांच्या डोक्याला बांधायला घेतला. मास्तर जन्मात पहिल्यांदा हललेही नाहीत. अण्णांची बांधणी मामांसारखी नव्हती. एकावर एक पेच बसत गेले आणि शेवटचं टोक खोचलं गेलं. तसं वाजंत्र्यांपैकी एकाला राहवलं नाही. आपलं काम एवढंच, असं समजून त्यानं सनई तोंडाला लावली. सनई ऐकून पंचांनी मास्तरांच्या गळ्यात हार घातला.

अण्णांचे हात तसेच पटक्यावर राहिले. त्यांच्या तोंडावर हळूहळू उजेड पडत गेला.

"अव्वा, हा तर पटका बांधला गेला की."

"बांधलास की. चारचौघांत बांधलास."

"पण पोरगी दाखवायची राहिली."

"ही काय हितं उभी हाय. बघ म्हणावं."

मास्तरांनी बघितलं. रुद्राणी नदीकडं बघत होती.

"आन् उद्या टेंभुर्णीकर येणार हायत, त्यांचं काय?" अण्णांनी शेवटचा प्रयत्न केला.

"काहील हाय अण्णा," सिद्धाराम मध्येच म्हणाला, "पण वल्हं न्हाय. दुसरं करून घेईस्तोवर कुणालाबी आणता यायचं न्हाय."

दिवाळीनंतर लग्न झालं. रुद्राणी सोलापुरात आली. एका सकाळी शाळेला निघताना मास्तर तिला प्रवाहाचं ते गणित मोठ्या हौसेनं समजावत होते. तिनं मास्तरांसमोर चहा ठेवला. आता घरात दिवसातून तीनदा चहा होत असे आणि अण्णांना ते कोणी कळवलं नव्हतं.

"काही म्हण," मास्तर म्हणाले, "पण माझं गणित बरोबरच होतं. पटका शेवटपर्यंत उभाच राहिला आणि काठाला लागल्यावर हाताला लागला."

"हाताला लागलाच होता," रुद्राणी म्हणाली. "मीच आकडीनं काढून घेतला म्हणून सुटला."

"म्हणजे?"

"तुमी घाटावरनं हात जोडून गेला न्हवं, ते मी बघितलं. वाहत गेलेलं सगळं मागच्या वळणाला येतं, म्हणून अज्जीला घेऊन पांदीनं गेले. तुमी पटका घेतला असता तर तुमीच तुमच्या डोक्याला बांधला असता."

"मग?"

"मग अण्णांनी कशाला बांधला असता?"

मास्तर कपबशी हातात धरून बसून राहिले. काठावर उभा राहणारा बघतो, हे ते इतकी वर्षं शिकवत आले होते. तो हातात आकडी घेऊन उभा असू शकतो, हे मात्र त्यांनी कधी धरलंच नव्हतं.

"चहा निवतोय," रुद्राणी म्हणाली. "आन् इकडं या, पटका सुटलाय तुमचा."

मास्तर उठून तिच्यापुढं जाऊन बसले आणि पटका बांधून होईपर्यंत हलले नाहीत.